ओटाकारचा काटा

चर्च सुटलं की सगळं गाव इर्मा वोबोरिलच्या धान्यकोठाराकडे धावत सुटे. देवाच्या उत्तराचा काय भरवसा. इथे निदान काटा तरी हलत होता.

कोठारात इर्माच्या दिवंगत नवऱ्याची, ओटाकारची, चौतीस सालची काळी मोटार उभी होती. इंजिन बंद, चाकांखाली ठोकळे. तरी प्रश्न विचारला की स्पीडोमीटरचा काटा थरथरत तिसावर चढे. चढला म्हणजे ‘हो’, पडून राहिला म्हणजे ‘नाही’. ओटाकार जिवंतपणीही याहून जास्त बोलत नसे, त्यामुळे ओळख पटायला गावाला वेळ लागला नाही.

मागच्या सीटवर दुभाषा म्हणून ब्रदर डेल्बर्ट. नेब्रास्कातला जुलै, मक्याच्या शेतातच लाह्या फुटायच्या बेतात. आणि यांच्या मांडीवर जाड गोधडी.

“परलोकाचा गारठा हो!” ते म्हणत. गोधडीखाली हात जोडलेले.

इर्माची भाची मिलाडा शाळेत पाककला शिकवायची, पण सुट्ट्यांमध्ये याच गाडीखाली काकांसोबत लोळली होती. गिअरबॉक्समधलं एक छोटं दातेरी चाक केबल फिरवतं आणि केबल काटा हलवते, हे तिला पाठ होतं. त्या चाकाचे दाते कधीच झिजून गेले होते. काका विजेचे खांब बघून वेगाचा अंदाज घ्यायचे.

“चालत्या गाडीत जो काटा हलला नाही,” ती म्हणाली, “तो उभ्या गाडीत कसा हलतो?”

“आत्म्याला दाते लागत नाहीत, ताई!”

“तुम्हाला लागतात. मावशीचे ताटभर गोड कोलाची-पाव कोण संपवतं?”

कोणी हसलं नाही. श्रद्धाळूंना हसायला परवानगी लागते.

प्रकरण खाण्यापुरतंच असतं तर मिलाडाने सोडून दिलं असतं. पण मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मंगळवारी लिंकन शहरात ऑपरेशन. आणि ब्रदर तिच्या पापण्यांना गिअरबॉक्सचं काळं तेल चोळत होते, मंत्रून.

“ओटाकार,” मावशीने विचारलं, “ऑपरेशन रद्द करू का रे?”

काटा टुणकन तिसावर.

“निकाल लागला!” ब्रदर गरजले.

“त्याचा शब्द मोडवत नाही गं,” मावशी पुटपुटली. “ईस्टरला माझा दांडा फिरवायचा एगबीटर हरवला, तोही त्यानेच वर नेला म्हणे. तिकडे ऑम्लेट करतात वाटतं.”

“बरं,” मिलाडा म्हणाली. “काकांनी जाण्याआधी मागवलेलं नवं चाक आत्ता आलंय. तेवढं बसवते.”

“खबरदार! आत्म्याच्या वाहनाला पाना लावशील तर...”

तोवर ती गाडीखाली होती. केबल गिअरबॉक्सला जोडलेलीच नव्हती! नवीकोरी, लांबलचक केबल गाडीच्या पोटाखालून मागे जात होती आणि फळीतल्या भोकातून सीटकडे चढत होती. मिलाडाने दोन्ही हातांनी हिसडा दिला.

“अयाई गं!” वरून आवाज आला. परलोकातला नव्हता.

गोधडी घसरली. ब्रदरांचे हात जोडलेले होते, एगबीटरला. पाती काढून तिथे केबल खोचली होती.

“केबल फिरली की काट्यामागच्या डबीतलं लोहचुंबक फिरतं आणि काट्याला ओढतं,” मिलाडा धूळ झटकत म्हणाली. “दांडा कोण फिरवतंय, हे चुंबकाला कळत नाही. चाक, भूत, डेल्बर्ट, त्याला सगळे सारखेच.”

मावशीने एगबीटर चाचपला. “मूठ एका बाजूने जळलेली. माझाच मेला!”

मग ती स्वतःच दांडा फिरवू लागली. “ओटाकार, ऑपरेशनला जाऊ ना?” आणि चोरीचा, तेलाचा, सगळा राग तिने मनगटात आणला. “कितीवर गेला गं?”

“साठावर, मावशी.”

“पट्टी सुटली की स्वतः येऊन बघते.”

ब्रदर डेल्बर्ट एव्हाना मक्यात घुसले होते. त्यांचा वेग मोजायला कोणाकडे काटा नव्हता.

तेव्हा मंडळी, काटा हलला की हात जोडू नका. हात मोकळे ठेवा, खाली वाका आणि केबल कुठे जाते ते बघा. दुसऱ्या टोकाला कोणीतरी दांडा फिरवत असतो. आणि बहुतेक वेळा तो दांडा आपल्याच स्वयंपाकघरातून पळवलेला असतो.