डरावबाई मोठ्या पडद्यावर

‘डबकं’ हा व्हिडिओ गेम टीव्हीवर आणायचा की नाही, यावर ऑफिसात तीन आठवडे काथ्याकूट चालला होता. पाच भाग निघाले होते, पाचही तळहाताएवढ्या पडद्यावर, आणि पाचही बेफाम खपले. बसची रांग असो की दवाखान्याचं बाकडं, जिथे माणसाला ताटकळावं लागतं तिथे कुणीतरी मान खाली घालून बेडकाच्या पिल्लाला चिखलातून उड्या मारायला लावत बसलेलं असायचंच. आता सहावा भाग मालकांना घरच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर हवा होता. मालकांना पाठीमागे सगळे ‘झालंच’ म्हणत, कारण कशालाही त्यांचं उत्तर तेच असे.

खेळातली सगळी चित्रं काढणारी चित्रकार मात्र हटून बसली होती. “डबक्याचा समुद्र केला तर त्यात मजा ती काय राहणार?” असं ती प्रत्येक बैठकीत म्हणायची. मुद्दा बरा होता. पण खरं कारण वेगळंच होतं, आणि ते तिच्या घरात राहत होतं.

झालं होतं असं, की पहिल्या भागाच्या वेळी तिचं नुकतंच लग्न झालेलं. खेळाला एक खाष्ट खलनायिका हवी होती. नेमकं त्याच सकाळी बादली जागेवर न ठेवल्याबद्दल सासूबाईंनी तिला फैलावर घेतलं होतं. दुपारपर्यंत डरावबाई तयार! कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, आणि येता-जाता एकच वाक्य, “मी आहे म्हणून चाललंय!” नखाएवढी बेडकीण, घरातलं कोण बघायला जातंय? पुढे सासू-सुनेचं छान जमलं. पण तोवर डरावबाई इतकी लोकप्रिय झाली होती, की तिला खेळातून काढणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणं. चौदा वर्षं हे गुपित तळहातात झाकून राहिलं. टीव्हीवर ते कपाटाएवढं होणार होतं.

ऑफिसात एक जुनी रीत होती, अनाडी चाचणी. जन्मात न खेळलेल्या माणसाच्या हातात खेळ द्यायचा आणि अर्धा तास नुसतं बघायचं. ज्याने खेळ बनवला त्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. ही रीत चित्रकार बाईंनीच लावलेली.

“तुमच्या सासूबाई कधी खेळल्यात का हो?” मालकांनी विचारलं.

“छे, कधीच नाही,” ती बोलून गेली आणि तिथेच फसली.

“झालंच!”

शनिवारी सकाळी मालक कन्सोल आणि वही घेऊन घरी हजर झाले. सासूबाई सोफ्यावर बसल्या, त्यांनी कंट्रोलर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि पिल्लाला पहिल्याच दगडावर तीनदा आपटलं. “अरे मेल्या, बघून उडी मार की!” त्या टीव्हीवर ओरडल्या. मालक खुशीत लिहीत होते. सून कोपऱ्यात घाम पुसत होती.

विसाव्या मिनिटाला जिन्यावरून डरावबाई उतरली. “मी आहे म्हणून चाललंय!” टीव्ही गरजला.

सासूबाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. “ही कोण?”

सुनेला उत्तर द्यायची बंदी होती. मालकांना कसला पत्ता! “ही डरावबाई! पाचही भागांत आहे. थांबा, दाखवतो,” म्हणत त्यांनी दोन बटणं दाबली. पाच भागांतल्या पाच डरावबाई ओळीने जिने चढू लागल्या.

सासूबाई बघत राहिल्या. पहिली दणादणा चढत होती, दुसरीही. तिसरीचा हात भिंतीवर होता. चौथी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होती. पाचवी अर्ध्यात थांबून दम खात होती. आता सूनही डोळे विस्फारून बघत होती. हे तिने ठरवून केलंच नव्हतं. दर भागाला ती चाल नव्याने काढायची, घरी दिसायची तशी.

“तिसरा भाग कधीचा?” सासूबाईंनी विचारलं.

“झाली की आठ वर्षं,” मालक म्हणाले.

सासूबाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. “तेव्हा मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलालासुद्धा नाही.”

“आई, माझं चुकलं,” सून नियम मोडून म्हणाली. “मी हिला टीव्हीवर येऊ देणार नाही.”

“तुला बोलायचं नाहीये ना?” सासूबाईंनी कंट्रोलर पुन्हा उचलला आणि त्या मालकांकडे वळल्या. “टीव्हीवर आणा हो खुशाल. फक्त या डरावबाईच्या जिन्याला आधी कठडा लावायला सांगा. पडेल ती.”