पिवळं पाणी आणि काळी पूड

हातपंपाभोवती ही गर्दी. शेजारी धातूवर चकचकीत मुलामा देणारा कारखाना आल्यापासून पाणी पिवळंच यायचं. पूडवाल्या बाबांनी बादलीत मूठभर काळी पूड टाकली, सगळ्यांना अर्धा तास डोळे मिटून जप करायला लावला, आणि वरचं पाणी गाळून पेल्यात धरलं. नितळ.

"रोग वर उडाला, शक्ती खाली बसली. गाळ टाकू नका, लेकरांना रोज चमचाभर चाटवा. पाणी परत पिवळं झालं, तर समजा तुमची श्रद्धा पातळ."

सासूबाई गाळाची वाटी आणि पुडी घेऊन घरी आल्या. सूनबाई पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेतून बाळंतपणाच्या रजेवर. सहा महिन्यांची लेक मांडीवर, डोळ्यांत चार रात्रींची झोप, वाद घालायचं त्राण नाही. सासूबाईंचा चमचा बाळाच्या ओठांशी आला, तेवढ्यात सूनबाईला पुडीचा वास आला. तेलकट, लोखंडी. हाच वास रोज नवऱ्याच्या कामाच्या डांगरीतून धुऊनही जात नव्हता. नवरा लोखंड कातणाऱ्या लेथ यंत्रावर टर्नर होता.

तिने चमचा हातानेच अडवला आणि फ्रिजच्या दारावरचं चुंबक पुडीवरून फिरवलं. पूड त्याला मिशांसारखी चिकटली.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "हा तर आपल्याच पोराच्या लेथचा कीस."

दुसऱ्या दिवशी ती बाळ कडेवर घेऊन पंपावर गेली, गाळाची वाटी घेऊन सासूबाई मागोमाग; बाबा आणि गर्दी तिथेच होती. दोन बादल्या भरल्या. एकीत बाबांची पूड, दुसरीत नवऱ्याच्या लेथचा कीस. पहिलीपाशी जप, दुसरीपाशी बायकांच्या गप्पा: कुणाचा कुकर फुटला, कुणाची नणंद रुसली. मधूनमधून दोन्ही ढवळल्या. अर्ध्या तासाने दोन्ही बादल्या सारख्याच नितळ.

"मग माझी पूड खोटी कशी?" बाबा हसले. "पाणी तर साफ झालं."

"पूड खरीच आहे, बाबा. लोखंड पाण्यातलं विष धरतं, त्याला अर्धा तास लागतो. जप त्या वेळेपुरता. पण धरलेलं विष जातं कुठे? त्याच गाळात. तोच तुम्ही लेकरांना चाटवता. आणि पाणी पुन्हा पिवळं होतं, ते कीस दमला म्हणून. माझ्यासारखा. श्रद्धेचा त्यात काय दोष?"

तिने वाटी आणि चमचा पुढे केला. "तुम्हीच घ्या आधी. शक्ती आहे ना त्यात."

बाबांनी चमच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "मला पुढच्या गावी जायचंय," म्हणत ते पिशवी उचलून चालते झाले.

"मग आता हेच प्यायचं का?" कुणीतरी विचारलं.

"नाही. नितळ दिसतं म्हणून निर्धोक होत नाही. तपासून येईपर्यंत टँकरचंच प्या. आणि गाळ गटारात ओतू नका, झाकून ठेवा. कारखान्याला जाब विचारायला तो लागेल."

सासूबाईंनी वाटीतला गाळ बरणीत भरला, झाकण घट्ट लावलं, आणि बाळाला स्वतःच्या कडेवर घेतलं. "तू झोप जरा," त्या म्हणाल्या.

चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी एवढं विचारावं: घाण गेली कुठे?