दोन लाल ठिपके

"हा बघ, इथं आहे," वस्ताद म्हणाले आणि लगेच थबकले. "अरेच्चा. इथं तर दोन आहेत."

शेवटच्या होलच्या डाव्या अंगाला, झाडाखालच्या दाट गवतात दोन चेंडू हातभर अंतरावर पडले होते. पुढचा गवतावर आयता बसलेला, कुणीही हाणावा असा. मागचा मुळांच्या बेचक्यात असा रुतलेला, की तो बाहेर काढायला कुदळच हवी. एक वडिलांचा, एक मुलाचा. पोरानं बापाचा एक गुण उचलला नाही, असं लोक आयुष्यभर म्हणत आले. हा डावीकडे भरकटणारा फटका मात्र त्यानं इमानेइतबारे उचलला होता.

वडिलांना सगळे वस्ताद म्हणत. गोल्फ कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही हे नाव ठाऊक होतं. मुलानं चाळिशी ओलांडली, कपाळ मागे सरकलं, तरी मैदानावर तो 'ज्युनिअर'च राहिला. तरुणपणापासून तो याच धंद्यात होता. जिंकला कधीच नाही. एकदा तिसरा आला, तेव्हा पेपरात बातमी त्याची आणि फोटो वडिलांचा छापून आला. आई ते बघून म्हणाली होती, "जाऊ दे रे. नाक सारखंच आहे, कुणाला कळतंय!"

ही स्पर्धा वस्तादांच्या निरोपाची होती. आयोजकांनी मोठ्या हौसेनं बापलेकांची जोडी लावली होती. वस्तादांना काय, टोपी काढायची, हात हलवायचा. ज्युनिअरला मात्र आज तरून जायचं होतं. दुसऱ्या दिवसाअखेर निम्मे खेळाडू घरी पाठवले जातात. त्या निम्म्यांत तो गेला, तर पुढच्या वर्षी व्यावसायिकांमधली त्याची जागाही जाणार होती, आणि या वयात गेलेली जागा परत मिळत नाही. या होलवर चार फटक्यांत काम झालं तर तो राहणार होता. पाच लागले तर संपलं.

चेंडू कुणाचा हे बघायला जागेवर खूण ठेवून तो उचलता येतो. ज्युनिअरनं पुढचा उचलला. तो वापरायचा त्याच कंपनीचा, तीन नंबरचा. नंबराखाली दोन लाल ठिपके. हायसं वाटून त्यानं सहज म्हणून मागचाही उचलला. तीच कंपनी, तीन नंबर, खाली दोन लाल ठिपके.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही अजून नेलपॉलिश लावता?"

"मग? तुझ्या आईची ती बाटली आहे अजून. घट्ट झालीय जरा, पण चालते." वस्तादांनी वाकून पाहिलं. "आणि तू?"

"मी नवीन आणली. तोच रंग."

प्रत्येक खेळाडू आपल्या चेंडूवर काहीतरी खूण करतो. बहुतेकांची पेनाची असते. यांच्या घरात ते खातं आईकडे होतं. दुपारी जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरून, अंड्यांच्या ट्रेमध्ये चेंडू मांडून, जिभेचं टोक दातांत धरून ती एकेकावर दोन ठिपके द्यायची. दोन कशाला, असं त्यानं लहानपणी विचारलं होतं. "एक चेंडू ओळखायला," ती म्हणाली, "आणि दुसरा, घरी बायको आहे हे त्यांना आठवायला!"

कारण वस्ताद घरी असायचेच कुठे? दारात बॅग टेकल्याचा आवाज आला की बाबा आले, एवढंच त्याला ठाऊक होतं. बाकी दिवस तो आणि आई. बैठकीच्या खोलीत सतरंजीवर स्टीलचा पेला आडवा ठेवून तो चेंडू घालत बसायचा. ठण्‌ आवाज झाला की आत आडवी झालेली आई झोपेतच ओरडायची, "गेला का रे?" किती चांगले दिवस होते ते! पुढे टेबलावर अंड्यांचे दोन ट्रे आले, एक बाबांचा आणि एक त्याचा. ती गेल्यावर ठिपके आपण एकटेच लावतो, अशी त्याची समजूत होती. वस्तादांचीही तीच असावी.

खरं तर हा घोळ व्हायलाच नको होता. खेळ सुरू होण्याआधी जोडीदाराला आपला चेंडू दाखवायचा, नंबर सांगायचा, खूण सांगायची, ही या धंद्यातली अगदी पहिली शिकवण. ज्युनिअरनं अनोळखी माणसांना इमानदारीनं चेंडू दाखवले होते. आज सकाळी तेवढं राहून गेलं. बापाला काय चेंडू दाखवायचा!

वस्तादांनी मागे वळून पाहिलं. पंच दूर होता, प्रेक्षक दोरीपलीकडे. आवाज खाली आणून ते म्हणाले, "पुढचा तुझा."

"कशावरून?"

"पडताना पाहिला मी. ठेव तो जागेवर आणि मार."

ज्युनिअर त्यांच्याकडे बघतच राहिला. सकाळपासून प्रत्येक फटक्यानंतर वस्ताद त्याला हळूच विचारत होते, कुठं गेला रे? आणि यांना इतक्या लांबून, झाडाच्या सावलीत पडलेला चेंडू दिसला म्हणे. हे तेच वस्ताद होते, ज्यांनी ऐन अंतिम फेरीत, कुणी पाहिलेलं नसताना, माझा चेंडू हलला असं सांगून दंड ओढवून घेतला होता आणि विजेतेपद घालवलं होतं. त्या एका गोष्टीवर त्यांना जन्मभर टाळ्या मिळाल्या.

"बाबा, तुम्हाला दिसलेलं नाही."

"दिसलंय म्हणतो ना!"

"तुमच्यावर वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"माझं सोड. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण तुझ्या आईनं आठवडाभर अबोला धरला होता. भाजी वाढताना डाव आपटायची." वस्तादांचा आवाज चिरकला. "मी तुला कधी काही दिलं नाही रे. शिकवायलासुद्धा घरी नव्हतो. आता हे घे. मी आज संपलोच आहे. मुळांमधला मी घेतो, काय बिघडतंय?"

घ्यावा, असं ज्युनिअरला मनापासून वाटलं. जागेसाठी तर वाटलंच, पण त्याहून जास्त बापानं हातावर ठेवलंय म्हणून वाटलं. चेंडू घट्ट मुठीत धरून तो क्षणभर उभा राहिला. चेंडू कदाचित त्याचाच होता. कदाचित नव्हता. हे सांगू शकेल असं जगात कुणीही उरलं नव्हतं.

त्यानं हात वर करून पंचाला बोलावलं.

"ओळख पटत नाही," तो म्हणाला. "दोन्ही सारखे आहेत."

पंचानं दोन्ही चेंडू उलटसुलट करून पाहिले. मग वस्तादांकडे पाहिलं. वस्तादांनी मान खाली घातली.

"मग दोन्ही हरवले असंच धरावं लागेल," पंच ओशाळून म्हणाला. "समोर असले तरी. दंड घेऊन दोघांनाही पुन्हा या होलच्या सुरुवातीपासून मारावं लागेल."

ते दोघं उलटे चालायला लागले. प्रेक्षकांना काय झालं ते कळेना; कुणीतरी उगाच टाळ्या वाजवल्या, मग त्याही थांबल्या. पाचातही काम होणार नाही, सहा तर लागतीलच, हे ज्युनिअरला दर पावलाला अधिक समजत होतं. उद्या सकाळी उठून सरावाला जायचं नाही, हा विचार त्याला करताच येईना.

"रागावलास?" वस्तादांनी विचारलं.

"नाही हो."

"तिनं डाव आपटला असता आज."

"दोन आपटले असते," तो म्हणाला, आणि दोघांनाही हसू आलं, तसे डोळेही भरून आले.

सुरुवातीच्या जागेवर मागची जोडी खोळंबून उभी होती. वस्तादांना आधी मारायचं होतं. चढ चढून त्यांना धाप लागली होती. चेंडू ठेवायची छोटी खुंटी, म्हणजे टी, रोवायला ते वाकले, अर्ध्यावर थांबले, गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा सरळ झाले. ज्युनिअर पुढे झाला, एक गुडघा टेकून बसला आणि त्यानं टी जमिनीत रोवली.

"उंची ठीक आहे?"

"थोडी खाली घे," वस्ताद म्हणाले. "हां. बस."

त्यानं वर चेंडू ठेवला, तो स्थिरावेपर्यंत हात धरला, मग उठून बाजूला झाला आणि आपली सावली त्यांच्या पायाशी पडणार नाही अशा बेतानं उभा राहिला.