कोपऱ्यातला खांब

आमच्या गावाजवळच्या खाणीत दुपारी सुरुंग उडतो, तेव्हा फळीवरची भांडी आपोआप वाजतात. गावाला त्याचं काही वाटत नाही. माझा मात्र बाळ झाल्यापासून जीव थाऱ्यावर नसे. आमचं सिमेंटचं घर काळ्या मातीवर उभं. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि भिंतींना सोबत ओढते. पाळण्यामागच्या भेगेत माझं बोट जात होतं.

म्हणून नवं घर पक्क्या पायावर, जाड मातीच्या भिंतींचं बांधायचं ठरवलं. पॉलिटेक्निकला सिव्हिल शिकले आहे मी. नकाशाही मीच काढला. काळी माती खोल उकरून मुरूम भरला. फळ्यांच्या साच्यात मुरूम, पांढरी माती आणि थोडा चुना घालून, जड लोखंडी धुमसानं ठोकत भिंती चढवल्या. मोठ्या खिडक्या, वर कौलं, आत टाइल्सचा ओटा.

मामाजी, म्हणजे माझे सासरे उकंडा, खाणीतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "अवं, मातीतून स्लॅबखाली याले आमची जिंदगी गेली. अन् तू पुन्हा मातीत नेऊन राह्यली?"

तरी त्यांनी अडवलं नाही. फक्त एकदा मी बाळाला डोस द्यायला वणीला गेले, तेवढ्यात पाळण्याच्या खोलीचा कोपरा फोडून त्यांनी तिथं सिमेंटचा खांब भरून घेतला.

"नातवासाठी हाय. येवढं माह्यं चालू दे."

घर झाल्यावर मी अट घातली. प्रत्येक कोपऱ्यावर पातळ काचपट्टी आडवी चिकटवायची. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. सुरुंगानंतर एक जरी तडकली, तर बाळ या घरात झोपणार नाही.

शेजारच्या तानाबाई दारातूनच म्हणाल्या, "काय वो प्रियंका, घराले चष्मा लावून राह्यली काय?"

सुरुंग उडाला. मी एकेक कोपरा पाहत गेले. सगळ्या काचा शाबूत. खांबाजवळची तेवढी तडकलेली.

"एकच तर हाय," माझा नवरा संघर्ष म्हणाला. "चालते."

"चालत नाही."

"म्या म्हटलंच होतं, मातीचं काही खरं नसते!" तानाबाई.

मामाजींनी काचेवरून बोट फिरवलं. "भित हालली का खांब, पोरी?"

"दोन्ही धड आहेत, मामाजी. पण हादरा दोघांच्या अंगातून सारखा जात नाही. सांध्यावर एकमेकांना सोडतात."

मला वाटलं, आता मामाजी चिडणार. तो खांब त्यांनी हौसेनं घातला होता. पण खांब फोडायला त्यांनी संघर्षकडून सब्बल मागवली.

"मंग माह्याच हातानं नातवाचा पाळणा अडला म्हणा," असं म्हणत त्यांनी पहिला घाव घातला.

खांब निघाला. नवी माती धरून बसावी म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंतींना आम्ही दात पाडले, त्यांना पाणी पाजलं, आणि थरावर थर माती ठोकली. धुमस मामाजींच्या हातात. थर घट्ट बसला का, ते मी खिळा टोचून बघायचे.

"आता?"

"अजून नाही."

"खाणीतला साहेब बरा होता वो तुह्यापरीस!"

पण ठोकत राहिले.

कोपरा वाळला. नवी काच लावली. सुरुंग उडत गेले, काच तशीच राहिली. तरी मी रोज नख लावून बघायचे. शेवटी मीच पाळणा टांगला.

त्या दुपारी हादरा आला. बाळानं झोपेतच दूध प्याल्यासारखे ओठ हलवले आणि मान वळवली. मी भिंतीला हात लावला. गार होती. ही भिंत माझी आहे, असं मला पहिल्यांदाच मोकळेपणानं वाटलं.

मातीच्या घरावरून अंगणात तानाबाईंचा आवाज चढला होता. मामाजींनी त्यांना थांबवलं.

"हळू बोल, पोरगं झोपून राह्यलं. घर पाह्याचं असन तं ये आत. माह्या सुनंनं बांधलं. पाय धुवून ये."