छातीखालचा पट्टा

मित्रांनो, मी जुना आहे आणि मला वास येतो, हे आधीच सांगून टाकतो. घामाचा, लोकरीच्या तेलाचा, गंजलेल्या स्प्रिंगचा. नाक मुरडायचं तर आत्ताच मुरडा. नंतर मध्ये थांबवलंत तर मी चिडतो.

मी पट्टा आहे. छातीखालचा. ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेला, जिथं झाडं थोडी आणि मेंढ्या फार, तिथल्या लोकर कातरायच्या शेडमध्ये मी वरच्या वाशाला स्प्रिंगने टांगलेला असतो. कातरणारा दिवसभर कमरेत वाकलेला. त्याने छाती माझ्यावर टाकायची, हात मोकळे सोडायचे आणि त्याचा निम्मा भार मी उचलायचा. बास, एवढंच माझं काम. पण त्यामुळे जे त्याच्या बायकोलाही कळत नाही ते मला कळतं. त्याचं काळीज माझ्यावर पडलेलं असतं. सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत मी तेच ऐकतो.

मला एका खोगीर शिवणाऱ्याने शिवलं. आत बैलाचं कातडं, वर मेंढीचं मऊ. शिवलं ते फर्गससाठी. तेव्हा माझं काय कौतुक! सगळे येऊन छाती टेकवून बघायचे. "आईच्या मांडीवर झोपल्यासारखं वाटतं रे," म्हणायचे. फर्गसचा धाकटा भाऊ आल्बी तर माझ्यावरून उठायचाच नाही. फर्गस ओरडायचा, "ऊठ बे, तुझी पाठ अजून कोवळी आहे!"

फर्गस गोळ्या खायचा. लांब पल्ल्याचे ट्रकवाले जागं राहायला खायचे, त्याच. आधी कधीमधी, मग रोज. त्याचं काळीज सकाळीच असं पळायचं, जसं मागे कुत्रं लागलंय. एका गुरुवारी ते पळता पळता अडखळलं. पाण्याबाहेरच्या माशासारखं तडफडलं. आणि थांबलं. अर्धी कातरलेली मेंढी उठून निघून गेली. फर्गस माझ्यावर तसाच. आल्बी समोर बसून चहा पीत होता. त्याला वाटलं, भाऊ दम खातोय. सगळ्यांनाच वाटलं. कारण मी त्याला पडू दिलं नव्हतं ना! मी नसतो तर तो धाडकन पडला असता, लोक धावले असते. मी माझं काम चोख केलं, मित्रांनो. त्याचाच मला अजून राग येतो.

फर्गस एक्केचाळीस वर्षांचा होता.

मग आल्बीने मला घरी नेऊन खिळ्याला अडकवलं. एकोणीस वर्षं. उंदरांनी माझी कड कुरतडली, कोळ्यांनी घर केलं. आल्बी यायचा, हातोडी घ्यायचा, माझ्याकडे न बघता जायचा.

मला खाली काढलं ते डार्सीमुळे. डार्सी पर्टेल, तेहेतीस वर्षांचा, आल्बीच्याच टोळीत. त्याची पाठ गेली होती. आल्बीने मला तेल लावलं, स्प्रिंग बदलली आणि त्याच्या हातात दिलं. "माझ्या भावाचा आहे. जपून वापर," एवढंच बोलला.

डार्सी मला फार आवडला. तो मेंढ्यांशी बोलायचा. "या मावशी, बसा. कोट काढा. अहो लाजता काय, सगळ्या काढतायत!" बेसूर गायचा. शेजारी हुहाना कातरायची, न्यूझीलंडची माओरी बाई, तोंडाने तिखट. ती म्हणायची, "अरे गप! मेंढी मेली तर तुझ्या गाण्यानेच मेली म्हणून लिहून देईन." आणि डार्सीचं काळीज! ठक, जरा थांबून ठक. अंगणात बसून कुणी शेंगा फोडतंय असं.

मग एका थंडीत त्याला कुणीतरी नशेचे पांढरे खडे दिले. आमच्याकडे त्याला आईस म्हणतात. पाठ दुखत नाही, भूक लागत नाही, झोप येत नाही. पहिल्यांदा फक्त सोमवारी. मग सोमवार-गुरुवार. मग रोज सकाळी. पहिली मेंढी यायच्या आत त्याचं काळीज माझ्यावर धडधडायला लागलेलं असायचं.

आणि शेडने काय केलं? टाळ्या वाजवल्या! डार्सी सगळ्यांत वेगवान झाला ना. मालकीण गेडिसबाई पाठ थोपटून गेल्या. आमच्याकडे ही चूक सगळे करतात. जो पळतो तो धडधाकट, असं धरून चालतात. अरे, पळणाऱ्याच्या मागे काय लागलंय ते कोण बघणार?

हळूहळू तो वाळला. हाडं मला टोचायला लागली. दात करकरा खायचा. गाणं बंद झालं, मावश्या बंद झाल्या, मेंढीला लाथ बसायला लागली. जेवणात मटणाचे तुकडे तसेच राहायचे. चौथा कातरणारा कोस्टा, अगदी गरीब स्वभावाचा. एकदा हळूच म्हणाला, "डार्सी, डॉक्टरला दाखवतोस का?"

डार्सीने चहाचा कप भिंतीवर फेकला. "तू माझी आई आहेस का?" गाडी काढली आणि गेला. दोन दिवस पत्ता नाही. आला तेव्हा गाडीचा एक दिवा फुटलेला. त्यानंतर सगळ्यांना एकच धास्ती. बोललो आणि हा पुन्हा एकटाच गाडी घेऊन निघाला, तर रस्त्यातच संपेल.

आता त्या सकाळचं सांगतो. ऑगस्ट होता, आमच्याकडे तो ऐन थंडीचा, आणि आठ आठवडे पावसाचा थेंब नाही. पहिल्या पाळीत डार्सीचं काळीज अडखळलं. एकदा. मग परत. मला ते ओळखीचं होतं. मी जिवाच्या आकांताने करकरलो. पण स्प्रिंगचं करकरणं कोण ऐकतं?

चहाच्या सुट्टीची घंटा झाली. कातरायची मशीनं बंद झाली, सगळे उठले. डार्सी उठला नाही. माझ्यावर तसाच पडून राहिला. तोंड राखेसारखं, आणि कडाक्याच्या थंडीत कपाळावर घाम.

आल्बी समोर बसला होता. हातात चहाचा कप. त्याने डार्सीकडे बघितलं. मग माझ्याकडे. कप खाली ठेवला.

"मत घ्यायचं," तो मोठ्याने म्हणाला. "मला मेंढ्या ओल्या वाटतायत."

हे आमच्याकडचं जुनं आहे. ओल्या मेंढ्या कातरल्या की माणसं आजारी पडतात. म्हणून कुणालाही शंका आली तर कातरणाऱ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं, ओल्या की कोरड्या. कुणी काय लिहिलं ते कुणी विचारायचं नाही. जास्त चिठ्ठ्या 'ओल्या' निघाल्या की काम बंद, मालकही काही बोलू शकत नाही.

हुहानाने आल्बीकडे बघितलं, मग डार्सीकडे. हुशार बाई. "हो की," ती म्हणाली. "माझी शेवटची तर पिळून काढावी लागली."

डार्सीने मान वर केली. "डोकं फिरलंय का म्हाताऱ्या? धूळ उडतेय, धूळ!"

"मग 'कोरड्या' लिही. तुझं मत तुझ्यापाशी."

कोस्टाने चिठ्ठ्या वाटल्या. डार्सीने आपली माझ्यावरच ठेवली आणि पेन टेकवलं. ते हलेचना. त्याचं काळीज एक ठोका देत होतं, एक गाळत होतं. मी खाली धरून होतो. शेवटी त्याने काहीतरी लिहिलं. मी कातडं, मला वाचता येत नाही.

आल्बीच्या टोपीत चार चिठ्ठ्या पडल्या. कोस्टा वाचायला लागला.

"ओल्या."

"ओल्या."

"ओल्या."

चौथी उघडली आणि तो थांबला. परत वाचली.

"ओल्या," तो म्हणाला.

तिघांनी ठरवून लिहिलं होतं. चौथी चिठ्ठी कुणाची ते सगळ्यांना कळलं. कुणी कुणाकडे बघितलं नाही, तसा नियमच आहे.

"हुहाना," डार्सी हळू म्हणाला, "सकाळपासून छातीत दुखतंय गं."

"माहितेय रे भाऊ. चल. ओल्यात बसून सर्दी होते."

तिने एका बाजूने धरलं, आल्बीने दुसऱ्या. कोस्टाने फोन लावला, ॲम्ब्युलन्स अर्ध्या वाटेत भेटणार असं ठरलं. कितीतरी महिन्यांनी त्याचा भार माझ्याशिवाय कुणीतरी उचलला होता.

तेवढ्यात गेडिसबाई तणतणत आल्या. "मेंढ्या ओल्या? आठ आठवडे मी आभाळाकडे बघतेय आणि म्हणे ओल्या!" त्यांनी एका मेंढीच्या लोकरीत हात घातला. धुळीचा असा लोट उठला की त्यांना शिंक आली. मग त्यांना दारातून आल्बीची गाडी दिसली, मागच्या सीटवर डार्सीचं डोकं हुहानाच्या खांद्यावर. बाईंनी हात झटकला.

"चिंब आहेत," त्या म्हणाल्या. "अगदी चिंब."

डॉक्टर काय म्हणाले ते आल्बीनेच मला सांगितलं, तेल लावता लावता. तो माझ्याशी बोलतो हे कुणाला सांगू नका. रोजच्या त्या खड्यांनी डार्सीचं काळीज फुगलं होतं, ढिलं पडलं होतं, जुन्या स्प्रिंगसारखं. एकदम जास्त घेतलं तरच माणूस मरतो असं नाही. रोज थोडं थोडं घेऊनही काळीज झिजतं, रक्ताचा दाब चढतो, आणि एक दिवस कुठल्याही मेंढीवर ते थांबतं. आणखी एखादी पाळी झाली असती तर कदाचित तो गेला असता. सोडलं तर बरंचसं सावरेल, म्हणाले. सगळं नाही.

सोडणं सोपं नव्हतं. मध्ये एकदा तो घसरला, तेव्हा कोस्टा त्याच्याकडे राहायला गेला आणि दोन महिने राहिला.

आठ महिन्यांनी डार्सी परत आला. जाड झालेला. आता तो निम्म्याच मेंढ्या कातरतो, दुपारनंतर पोरांना शिकवतो. पहिल्या सकाळी त्याने छाती माझ्यावर टाकली आणि मी कान लावला. ठक. जरा थांबून ठक. मध्येच एखादा ठोका वाकडा पडतो, तो आता तसाच पडणार. मग वरून आवाज आला, "या मावशी. ओळखलंत का?" आणि हुहाना ओरडली, "आलं परत ते गाणं! मेंढ्या ओल्या आहेत, मत घ्या रे!"

मित्रांनो, मी नुसता पट्टा. मला ऐकू येतं, बोलता येत नाही. तुम्हाला दोन्ही येतं. तुमच्या शेजारी कुणी असंच पळत असेल, न जेवता, न झोपता, आणि लोक टाळ्या वाजवत असतील, तर तुम्ही वाजवू नका. तो चिडेल, चहाचा कप फेकेल, फेकू द्या. आणि मी फर्गसला धरलं तसं नुसतं धरून ठेवू नका. काम थांबवा. मेंढ्या कोरड्या असल्या तरी ओल्या म्हणा. कोण जाणे, चौथी चिठ्ठी त्याचीच निघेल.