शेपटी म्हणते हो

बायको गेल्याचं कळलं ते दुपारी, फोनवर. जोडायला घेतलेल्या छोट्या विमानाचा डिंक संपला म्हणून ती चौकातल्या दुकानात गेली होती. तिथे काउंटरपाशी छातीला हात लावून खाली बसली ती उठलीच नाही. निघताना मला म्हणाली होती, "टेबलावरच्या कशाला हात लावू नका. मी आलेच."

संध्याकाळपर्यंत घर माणसांनी भरलं. बसायला जागा नव्हती म्हणून लोक भिंतीला टेकून, टेबलाला रेलून उभे होते. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत होतो. कोण आलं, कोण काय बोललं, मला फारसं आठवत नाही. एक मात्र आठवतं. मोठी मेहुणी एकदम किंचाळली, "शेपूट हललं. बघा, विमानाचं शेपूट हललं."

गर्दी टेबलाकडे वळली. शेपटीचा उभा पंख एकदा उजवीकडे वळला, सरळ झाला, पुन्हा वळला. मेहुणीने हात जोडले. "जीव अडकलाय तिचा त्यात," ती म्हणाली. माझी मुलगी टेबलाजवळ गेली आणि विमानावर गाल टेकून रडायला लागली.

ते विमान माझ्या बायकोचं. जन्मभर तिने लोकांचे कपडे शिवले. साठी जवळ आल्यावर रिमोटने उडणाऱ्या विमानाचं खोकं आणलं आणि सुटे भाग जोडायला बसली. हलक्या लाकडाच्या पातळ फासळ्या नकाशावर टाचण्यांनी रोवायच्या, डिंकाने जोडायच्या, मग वरून इस्त्रीने प्लास्टिकची फिल्म चिकटवायची. "कपड्यांपेक्षा बरं," म्हणायची, "घट्ट झालं म्हणून कुणी परत घेऊन येत नाही." मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. बारीक स्क्रू लावायचा असला की मला हाक यायची.

त्या संध्याकाळी मेहुणीबरोबर तिचे गुरू आले होते. नाव स्पंदनमहाराज. महाराज होण्याआधी दारोदार पाण्याचे फिल्टर विकायचे. बरोबर आलेला त्यांचा पट्टशिष्य आधी टीव्ही दुरुस्त करायचा, म्हणून मी त्याला टीव्हीवाला म्हणतो. महाराजांचं मौन असतं. जे बोलायचं ते टीव्हीवाला बोलतो, आणि त्याचं तोंड म्हणजे वाहता नळ.

पुढच्या आठवड्यात मुलगी विमान घेऊन महाराजांच्या सभागृहात निघाली.

"ते खेळणं आहे," मी म्हणालो. "आत छोटी मोटर आहे. रिमोट दाबला की शेपूट हलतं. तुझी आई ते जोडत होती तेव्हा आतली तार मीच धरली होती."

"मग रिमोट दाखवा, आप्पा."

रिमोट घरात नव्हता. त्या दिवशी टेबलावर होता, दुसऱ्या दिवशी नव्हता. कपाटं झाली, पलंगाखाली झालं, तिच्या शिवणाच्या पेट्या झाल्या.

"बघा," मुलगी म्हणाली. "रिमोट नाहीच, मग त्या दिवशी हललं कसं?"

वर्षानुवर्षं हिशेब नीट करणारी माझी मुलगी. रिमोट हरवला यावरून कुणी तो उचलला असेल असं तिच्या मनात आलं नाही. आई आहे असं आलं. मला तिचा राग आला नाही. मीही गेलो की तिथे एकदा, मागच्या रांगेत उभा राहिलो, आणि शेपूट हललं तेव्हा माझेही हात जोडले गेले. आत मोटर आहे हे माहीत असून जोडले गेले. या धंद्याचं सगळं भांडवल तेच.

सभागृह म्हणजे बंद पडलेलं फर्निचरचं दुकान. पुढे चौथरा, त्यावर मखमल, मखमलीवर विमान. शेजारी महाराज, गळ्यापासून पायांपर्यंत जाड शाल, डोळे मिटलेले, हात शालीत. उकाड्यात लोक वह्यांनी वारा घेत होते आणि महाराज शालीत. कुणाला काही वाटलं नाही. संतांना घाम येतो, एवढंच वाटलं.

टीव्हीवाला सुरू व्हायचा. "मंडळी, शरीर म्हणजे काय? अँटेना. आत्मा म्हणजे काय? स्टेशन. अँटेना मोडली म्हणून स्टेशन बंद पडतं का? नाही. मग मधे काय लागतं? बूस्टर. हे बसलेत आपले बूस्टर." महाराजांकडे हात. "विज्ञानवाल्यांना विचारा, लहरी डोळ्यांना दिसतात का? नाही म्हणतील. आत्मा दिसतो का? नाही. म्हणजे सिद्ध झालं की नाही?"

लोक माना डोलवत. या हिशेबाने माझ्या गिऱ्हाइकांना न दिसणारी डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा आत्माच म्हणायची.

मग प्रश्न. शेपूट तुमच्या उजवीकडे वळलं तर हो, डावीकडे वळलं तर नाही. जमीन घेऊ का, मुलाला हे स्थळ बरं का, सासू आमच्यावर खूश आहे का. माझी बायको हयातीत शेजारणीलासुद्धा न मागता सल्ला देत नसे. मेल्यावर ती सगळ्या गावाची वकील झाली होती. सकाळी दारं उघडायच्या आधी टीव्हीवाला विमानाला चार्जर लावून ठेवायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "माता विश्रांती घेतायत." मेलेल्या माणसाला चार्जिंग लागतं, ही यांची आत्मविद्या.

हे सगळं मी पाहिलं असतं आणि घरी गेलो असतो. पण मुलीला लहानपणापासून फिट्स येतात. सकाळ-रात्र गोळ्या घेते म्हणून गेली कित्येक वर्षं एकही आली नव्हती. एका गुरुवारी तिने विमानाला विचारलं, "आई, मी गोळ्या कमी करू का?" शेपूट उजवीकडे वळलं.

तिने रात्रीची गोळी सोडली. थोड्याच दिवसांत न्हाणीघरात पडली, कपाळ फुटलं. मी दार तोडून आत गेलो. शुद्धीवर आल्यावर तिने आधी मावशीला फोन लावला आणि मावशीने टीव्हीवाल्याला. त्याचा निरोप आला, "घाबरू नका. मातेने मिठी मारली. शरीराला तेवढी ऊर्जा झेपली नाही."

आमच्या डॉक्टरीणबाई टाके घालता घालता ऐकत होत्या. मुलगी बाहेर गेल्यावर मला म्हणाल्या, "एकदम बंद केल्या तर पुढची फिट थांबणार नाही. जिवावर बेतेल. तुम्ही समजावा."

"बाई, मी समजावून थकलो. तिच्या बाजूने आई आहे, माझ्या बाजूने नुसती मोटर."

"गुरुवारी ती काय विचारणार आहे?"

"सगळ्याच बंद करू का."

बाईंनी कात्री ताटलीत टाकली. "मी येते गुरुवारी," म्हणाल्या.

मी मेहुणीमार्फत निरोप धाडला, की विमानाची सेवा करायची इच्छा आहे, रोज सकाळी पुसून ठेवीन. टीव्हीवाला हरखला. मातेचे यजमान स्वतः सेवेला, यापेक्षा मोठी जाहिरात कुठली? त्याने मला पुढच्या रांगेत खुर्चीसुद्धा दिली.

आता तार कशी असते ते सांगतो. विमानाच्या पोटात बोटाएवढी मोटर. तिच्यावर प्लास्टिकची आडवी दांडी, दोन्ही टोकांना भोकं. एका भोकात तार अडकवलेली, ती मागे शेपटीपर्यंत जाते. दांडी फिरली की तार ओढली किंवा ढकलली जाते आणि शेपूट वळतं. तार चुकून पलीकडच्या भोकात अडकवली, तर सगळं उलटं. रिमोट उजवीकडे, शेपूट डावीकडे. नवा माणूस हमखास ही चूक करतो आणि पहिल्याच उड्डाणात विमान जमिनीत घुसवतो. म्हणून विमान उडवणाऱ्यांचा नियम आहे, उडवण्याआधी दर वेळी रिमोटवरची काडी हलवायची आणि डोळ्यांनी शेपूट बघायचं. माझ्या बायकोनेही आधी तार उलटीच लावली होती. "उजवं म्हटलं की हे डावीकडे जातंय. अगदी तुमच्यासारखं," म्हणाली होती.

महाराज शालीखाली काडी हलवत होते, पण शेपूट बघत नव्हते. त्यांचे डोळे मिटलेले. त्यातच त्यांचं संतपण होतं.

गुरुवारी सकाळी मी चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर नेला. पोटाची झाकणी काढली, तार सोडवली, पलीकडच्या भोकात बसवली, झाकणी लावली, वरून फडका मारला.

सभागृह गच्च भरलं. डॉक्टरीणबाई दाराशी उभ्या होत्या. टीव्हीवाल्याने अँटेना आणि बूस्टर उरकलं आणि विमानासमोर वाकला.

"माते, आपण आलात का?"

शेपूट डावीकडे.

कुणीतरी खोकलं. टीव्हीवाला हसला. "मातेचा स्वभाव विनोदी. माते, लेकरांची थट्टा पुरे. आलात ना?"

डावीकडे, ठसक्यात.

"ती नाही म्हणतेय," मागून एक म्हातारी म्हणाली. "मग बोलतंय कोण?"

"महाराज, स्पंदनं जरा विस्कळीत आहेत," टीव्हीवाला दातांतून म्हणाला. "जरा बघून घ्या." महाराजांना वाटलं, जोर कमी पडतोय. पापण्या आणखी घट्ट मिटल्या. टीव्हीवाल्याने घाम पुसला आणि सोपा प्रश्न निवडला. "माते, महाराजांवर आपली श्रद्धा आहे ना?"

डावीकडे. इतकं, की तार करकरली.

"अहो, मी विचारते," म्हातारी उठलीच. "बाई गं, ही मंडळी आम्हाला फसवतायत का?"

महाराजांनी मनोभावे 'नाही' दाबलं असणार. शेपूट उजवीकडे गेलं आणि तिथेच राहिलं. सभागृहात हशा पिकला. मेहुणीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच हसवतोय. तिचं चुकलं नव्हतं.

टीव्हीवाला सभा आवरती घ्यायला लागला, पण मुलगी उभी राहिली होती. कपाळावर पट्टी. ती हसत नव्हती.

"आई, मी गोळ्या बंद करू का? सगळ्या?"

शेपूट डावीकडे वळलं. नाही.

तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम गेला. "बरं," ती हळूच म्हणाली. "घेते मी."

मी दाराकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, म्हणजे आता गप्प बसा. मुलगी गोळ्या घेणार होती. आईने सांगितलं म्हणून घेणार होती. मी गप्प बसलो असतो तर तिला आईही राहिली असती आणि औषधही. मी खुर्चीतच बसून राहिलो, क्षणभर मलाही ते पुरेसं वाटलं.

पण उद्या टीव्हीवाला झाकणी उघडणार. तार पुन्हा पहिल्या भोकात जाणार आणि आई पुन्हा उलटं बोलणार. माझ्या मुलीचा जीव त्या दोन भोकांवर ठेवून मला झोप लागली नसती. मी उठलो.

"ते 'नाही' आईचं नव्हतं," मी म्हणालो. "सकाळी मी तार उलटी लावली."

"आप्पा, काय बोलताय?"

मी चौथऱ्यावर गेलो, झाकणी काढली. "हे भोक आणि हे भोक. या भोकात असली की हो, त्या भोकात असली की नाही. मंडळी, पुढे या, बघा. फुकट आहे."

टीव्हीवाला आडवा आला. "दुःखाने यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. आणि रिमोट कुठंय, ते सांगा ना? रिमोटशिवाय तार काय करणार?"

"महाराजांना हात शालीबाहेर काढायला सांग," मी म्हणालो. "मौन तोंडाचं आहे ना? हातांचं तर नाही?"

महाराजांनी डोळे उघडले. हात मात्र काढले नाहीत.

"आप्पा," मुलगी म्हणाली, "मग आई इथे नव्हतीच? एकदाही?"

"नाही, बाळा."

ती पुढे झाली. चौथऱ्यावर चढली आणि शालीचं टोक धरून ओढलं. महाराजांच्या मांडीवर रिमोट होता, दोन्ही अंगठे काड्यांवर. त्याला गळ्यात अडकवायचा कापडी पट्टा होता, दुहेरी टीप मारलेला. ती टीप कुणाची, हे मला किंवा तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मौन सुटलं. "मला वाटलं टाकून दिलाय," महाराज म्हणाले.

मग टीव्हीवाल्याला बोलावं लागलं आणि उलगडा झाला. बायकोने डिंक आणायला जाताना रिमोट आणि विमान दोन्ही चालू ठेवलं होतं, कारण ती लगेच येणार होती. संध्याकाळच्या गर्दीत टीव्हीवाला टेबलाला रेलला, त्याच्या कोपराने काडी ढकलली आणि शेपूट हललं. सगळे शेपटीकडे बघत होते. एकट्या त्यानेच कोपराकडे बघितलं आणि जाताना रिमोट पिशवीत घातला. माझ्या बायकोला तेव्हा अजून घरीसुद्धा आणलं नव्हतं.

मुलगी आता गोळ्या घेते. वेळेवर, डॉक्टरीणबाई म्हणतात तशा. माझ्याशी कामापुरतं बोलते. एकदा म्हणाली, "मला ती दोनदा गेली, आप्पा." ते खरंच होतं.

लोक मला विचारतात, तुम्ही हुशार म्हणून ओळखलंत, आम्ही काय करायचं? हुशारी काही नाही. जे हलतं त्याला काहीतरी हलवत असतं. तेवढं शोधायचं, आणि सापडेपर्यंत "माहीत नाही" म्हणायचं. त्यात लाज नाही. सगळे शेपटीकडे बघत असले, की आपण कोपराकडे बघायचं. आणि ज्याच्या घरी नुकतं माणूस गेलंय त्याने तर दोनदा बघायचं, कारण त्याच्याइतकं सोपं गिऱ्हाईक दुसरं नाही. औषधाबद्दल विचारायचं असेल तर डॉक्टरला विचारायचं. आपली मेलेली माणसं आपल्यावर कितीही माया करोत, त्यांना आपला डोस माहीत नसतो.

सभागृहाला आता कुलूप आहे. पण माझ्या बायकोच्या नावाने त्या शेपटीने आणखी बऱ्याच जणांना औषधं सोडायला लावली होती. मी आणि डॉक्टरीणबाई त्यांना शोधत फिरतोय. पुष्कळ जण भेटले, ऐकलं त्यांनी. साखरेचं इंजेक्शन बंद केलेले एक काठीवाले आजोबा होते, नेहमी एकटे येऊन शेवटच्या रांगेत बसायचे. त्यांचा पत्ता कुणालाच माहीत नाही. ते अजून सापडलेले नाहीत.