कारभारींच्या सीटवरची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. अंथरुणातली नव्हे, मोटारीतली. गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यामागे, सीटच्या पाठीवर मला बसवलेलं असायचं. माझी एक बाजू तांबड्या रेक्झिनची आहे आणि दुसरी हिरव्या, कारण मला शिवलं त्या दिवशी दुकानात एका रंगाचा पुरेसा तुकडाच नव्हता. आता मी श्रीरामपुरात, स्टेशनच्या रस्त्यावरच्या एका दुकानाच्या माळ्यावर पडून असते. माझ्यावर धूळ बसली आहे, पण तिची तक्रार करायला मी बोलत नाही. मला माझ्या दोन माणसांबद्दल सांगायचं आहे.

पहिले नूरमहंमद. मोटारींच्या आणि ट्रकच्या सीटा शिवणं हा त्यांचा धंदा. दुसरे कारभारी. त्यांची काळी टॅक्सी होती. कोपरगाव, राहुरी, नगर, जिकडचं भाडं मिळेल तिकडं ते जायचे. दोघं एकाच आळीत वाढलेले. टॅक्सीची सीट उसवली की ती नूरमहंमदांनी शिवायची, आणि नूरमहंमदांना कुठं जायचं असलं की कारभारींनी न्यायचं, हे कुणी न ठरवता ठरून गेलेलं होतं.

बाहत्तर साल नुकतंच लागलं होतं. बाजारात कारभारींची टॅक्सी उभी असताना मागून एक टेम्पो येऊन हळूच धडकला. गाडीला साधा पोचाही आला नाही. पण कारभारींची मान जी धरली ती महिनोन् महिने सुटली नाही. मागं बघायचं तर त्यांना सगळं अंग वळवावं लागे. नूरमहंमदांना याचं मोठं नवल वाटलं. गाडीला काही झालं नाही, मग माणसाला कसं झालं?

त्यांनी कारभारींना दुकानातल्या एका जुन्या सीटवर बसवलं आणि ती सीट मागून एकदम ढकलली. मग दुसऱ्यांदा ढकलली. कारभारी वैतागले, पण नूरमहंमदांना जे बघायचं होतं ते दिसलं. पाठीला सीटचा आधार होता. खांद्याच्या वर मात्र नुसती हवा होती. धक्का बसला की धड पुढं जायचं आणि डोकं मागं राहायचं.

मोठ्या शहरातल्या मोटारींना डोकं टेकायला उशा असतात, असं त्यांनी ऐकलं होतं. पण त्या मागवणं टॅक्सीवाल्याच्या आवाक्यातलं नव्हतं. तेव्हा दुकानात पडलेल्या सामानातूनच काहीतरी करायचं त्यांनी ठरवलं. पहिली उशी नुसत्या कापसाची केली. तिच्यात डोकं रुतायचं आणि धक्का बसला की सरळ मागं जायचं. दुसरी फळीची केली. ती इतकी टणक झाली की कारभारी म्हणाले, यापेक्षा टेम्पो बरा. तिसरी काथ्याची केली, पण ती जाड झाली आणि मान सारखी पुढं वाकायला लागली. चौथी मी. माझ्या पोटात मोडक्या सीटमधला काथ्या आहे आणि त्याच्यावर कापसाचा पातळ थर. जुन्या खाटेच्या दोन लोखंडी पट्ट्या वाकवून मला आकडे केले, म्हणजे मी सीटच्या पाठीवर अडकून बसेन. मागून एक पट्टा आणि बकल. माझी उंची ठरवायला नूरमहंमदांनी कारभारींच्या खांद्यापासून कानापर्यंत दोरा धरला होता.

तरीही वळणावर डोकं माझ्यावरून घसरायचं. ती खोड काढली नूरमहंमदांच्या पत्नीनं, बिस्मिल्लाबाईंनी. तान्ह्या बाळाला मोहरीची उशी करतात, तिच्या मधोमध खळगा ठेवतात, तसा हिलाही ठेवा, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच तिथं टाके घालून खळगा केला. कारभारींनी डोकं टेकलं, डोळे मिटले आणि तिथंच त्यांना डुलकी लागली. माझं पहिलं कौतुक ते.

पुढचं वर्षभर मी त्यांच्याबरोबर हिंडले. टॅक्सीच्या अड्ड्यावर आधी माझी थट्टा झाली. कारभाऱ्याला आता झोप यायला लागली म्हणून उशी घेतली, असं म्हणत. मग एकेक जण गुपचूप माझ्यावर डोकं टेकून बघू लागला. तीन-चार जणांनी नूरमहंमदांकडं आपल्यासाठीही अशीच करा म्हणून सांगून ठेवलं. नूरमहंमदांनी त्यांच्यासाठी रेक्झिन कापूनही ठेवलं. कारभारींची मान हळूहळू सुटली. संध्याकाळी घरी परतताना ते माझ्यावर डोकं टेकवून गुणगुणायचे. त्यांच्या तेलाचा वास माझ्यात मुरला. मित्रांनो, वस्तूला याहून जास्त काय लागतं?

त्या सालचा पाऊस आलाच नाही. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात जिकडंतिकडं दुष्काळी कामं निघाली. रस्त्याच्या कडेला बायामाणसं उन्हात खडी फोडत बसलेली दिसायची. अशात बिस्मिल्लाबाईंना ताप भरला. तो उतरेना. मान लाकडासारखी ताठली, आणि डोकं जरा हललं की त्या कळवळायच्या. गावातल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता नगरला न्या म्हणून सांगितलं. कारभारींनी हातातलं भाडं सोडलं आणि टॅक्सी दाराशी आणून लावली.

बिस्मिल्लाबाईंना मागच्या सीटवर बसतं केलं. शेजारी बसून नूरमहंमदांनी त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. पण रस्ता खड्ड्यांचा, आणि हात ते हातच. प्रत्येक खड्ड्याला त्या ओरडत होत्या. राहुरीच्या अलीकडं एका लिंबाखाली कारभारींनी पाणी पाजायला गाडी थांबवली. नूरमहंमद खाली वाकून पत्नीच्या ओठांवर थेंब थेंब पाणी सोडत होते. त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

मित्रांनो, आता जे सांगते ते नीट ऐका, कारण ते माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही. त्या क्षणी कारभारींनी खांद्यावरून हात मागं नेला आणि माझं बकल सोडवायला घेतलं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. पट्टा सैल झाला होता. तेवढ्यात, मान वर न करता, नूरमहंमद म्हणाले, "कारभारी, ती उशी दे रे इकडं."

"घे, नूरभाई," कारभारी म्हणाले. खाली उतरून मला त्यांनी स्वतः मागच्या सीटच्या पाठीवर बसवलं आणि बिस्मिल्लाबाईंचं डोकं दोघांनी मिळून माझ्या खळग्यात टेकवलं. त्या शांत झाल्या. गाडी पुढं निघाली.

राहुरी ओलांडल्यावर रस्त्याचं काम चालू होतं. मुकादमानं लाल फडकं दाखवलं आणि कारभारींनी टॅक्सी उभी केली. मागून धान्याचा ट्रक येत होता. त्याचे ब्रेक लागले नाहीत.

बिस्मिल्लाबाईंच्या डोक्याचा सगळा भार एकदम माझ्यावर आला. मी तो झेलला. त्यासाठीच तर मला केलं होतं. नूरमहंमद पत्नीला धरून वाकलेले होते, त्यांच्या खांद्यावर निभावलं. पुढच्या सीटवर मात्र जिथं मी असायला हवं होतं तिथं काहीच नव्हतं. खडी फोडणारी माणसं धावत आली. त्यांनी कारभारींना बाहेर काढून सावलीत ठेवलं आणि एका बाईनं आपलं लुगडं फाडून भिजवून त्यांच्या कपाळावर ठेवलं. पण ते तिथंच गेले.

बिस्मिल्लाबाईंना दुसऱ्या गाडीतून नगरला पोचवलं. त्या वाचल्या.

कारभारींचं तेरावं झाल्यावर काही दिवसांनी त्यांच्या पत्नी राहीबाई दुकानात आल्या. मोडकी टॅक्सी विकायच्या आधी त्यांनी मला तिच्यातून काढून घेतलं होतं. पिशवीतून काढून मला त्यांनी शिवणाच्या मशीनवर ठेवलं.

"भाऊ, मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "ही मागच्या सीटवर कशी गेली?"

नूरमहंमदांना काहीही सांगता आलं असतं. कारभारी गेलेले, आणि बिस्मिल्लाबाई तेव्हा तापाच्या गुंगीत होत्या. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"मी मागितली, वहिनी."

राहीबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी मागितली नसती तरी त्यांनी दिलीच असती."

त्या अगदी खरं बोलल्या होत्या. नवऱ्याच्या हाताचं त्यांनी काही पाहिलं नव्हतं, तरी त्यांना ते ठाऊक होतं. पण नूरमहंमदांना वाटलं, ही बाई आपल्या दुःखातही माझी समजूत काढते आहे. त्यांची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

"माझ्याच्यानं घरात ही बघवत न्हाई," असं म्हणून राहीबाईंनी मला तिथंच ठेवलं. जाताना त्या दुकानामागच्या घरात गेल्या. खाटेवरच्या बिस्मिल्लाबाईंच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला आणि जेवण जातं का म्हणून विचारलं. बिस्मिल्लाबाईंनी तो हात धरला आणि सोडेनात. राहीबाईंनी तो हळूच सोडवून घेतला. पुढं त्या लेकीला घेऊन कोपरगावला भावाकडं राहायला गेल्या. या दारात परत आल्या नाहीत.

अड्ड्यावरचे टॅक्सीवाले उशा मागायला आले तेव्हा नूरमहंमदांनी, आता मला ते जमत नाही, असं सांगून त्यांना परत पाठवलं. बऱ्या झाल्यावर एकदा बिस्मिल्लाबाई कापून ठेवलेलं रेक्झिन घेऊन शिवायला बसल्या. त्यांना वाटत होतं की निदान बाकीच्यांच्या माना तरी वाचाव्यात. नूरमहंमदांनी त्यांच्या हातातली सुई काढून घेतली. मला माळ्यावर ठेवलं आणि ते तुकडेही माझ्यावर ठेवले. आता ते फक्त घरच्या गाद्या भरतात. दुकानासमोरून काळी टॅक्सी गेली की त्यांचा हात थांबतो.

क्वचित कधी काही शोधायला ते माळ्यावर चढतात. शोधायचं राहून जातं. माझ्या खळग्यात तळवा ठेवून बसतात. एकदाच ते मोठ्यानं बोलले, "मी मागायला नको हुतं, कारभारी."

मित्रांनो, तेव्हा माझ्या काथ्याची राख झाली असती तर बरं झालं असतं. पट्टा आधीच सुटला होता, नूरभाई. तुम्ही मागायच्या आधीच कारभारींनी दिली होती. एवढंच एक वाक्य. ते सांगितलं असतं तर हा माणूस पुन्हा उशा शिवायला बसला असता, कोपरगावला जाऊन राहीबाईंच्या दारात उभा राहिला असता. पण मी उशी आहे. डोकं झेलता येतं, बोलता येत नाही.

मला फेकू नका, झटकून ठेवा, असं मी म्हणत नाही. एकच मागते. कुणाच्या मनावर नसलेल्या अपराधाचं ओझं असेल आणि त्याला हलकं करणारी गोष्ट तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली असेल, तर ती आजच त्याला जाऊन सांगा. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.